अर्धं पोतं ढेप

गोमाई नदीच्या पात्रातला तो डोह मी मारला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि दर रविवारी ज्यांच्याशेजारी बसून गळ टाकतो त्यांना तर नाहीच नाही. डोह मारला म्हणजे त्यातला जवळजवळ सगळा मासा मेला. ठपका दुसऱ्यावर आला आणि मी तो येऊ दिला. या गोष्टीला आता सहा-सात वर्षं होत आली.

तेव्हा आम्ही चौघे होतो. आप्पा एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. शेठचं शहाद्यात हार्डवेअरचं दुकान, घराणं मूळचं राजस्थानातलं, कांदासुद्धा चातुर्मासात बंद. दादा तळोद्याकडच्या डोंगरपायथ्याचा, शहाद्याजवळ एका केळीच्या बागेत राखणीला. आणि मी, गणिताचा शिक्षक, म्हणून सगळ्यांचा ‘सर’. रविवारी सकाळी प्रकाशा गावी नदीच्या घाटाच्या खालच्या अंगाला आमची बैठक असायची. सोमवारी तिथे देवदर्शनाची गर्दी, रविवारी आमच्यासारखे रिकामटेकडे.

मासे कमी आणि बोलणं जास्त. मी मोबाइलवरून मागवलेली फायबरची काठी आणि चकचकीत रीळ पहिल्यांदा बाहेर काढलं, तेव्हा आप्पानं ते हातात घेऊन गाडीचं स्टिअरिंग तपासावं तसं तपासलं.

“सर, इतली भारी काठी! माशाले चारा दखास, बिल नही दखास.”

आप्पाकडे काठीच नव्हती. प्लास्टिकच्या बाटलीवर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला, टोकाला शिसं आणि गळ. बाटली धरायची आणि गरगर फिरवून फेकायचं, बस.

“तू बाटली घेऊन नदीवर येतो आप्पा,” शेठ म्हणायचा, “लोक समजतात दुसऱ्याच कामाला येतो.”

“आनि तुम्ही, शेठ? मासा धरतस आनि सोडी देतस. त्यान्हा तोंडले भोक पाडीसन पुन्य करतस का?”

“तू खातो, मी भेटून सोडतो. एवढाच फरक.”

शेठ खरोखरच सोडायचा. ओल्या हातानं धरून, गळ काढून, पाण्यात तोंड वरच्या अंगाला करून थोडा वेळ धरून ठेवायचा आणि मग मोकळा करायचा. ते त्याला दादानं शिकवलं होतं. आम्हा सगळ्यांनाच जे काही येत होतं ते दादानं शिकवलेलं होतं. त्याची काठी डोंगरातल्या बांबूची, आणि पाण्यावर तरंगायला मोराच्या गळून पडलेल्या पिसाचा दांडा. तो दांडा आडवा झाला की आम्ही ओरडायचो, “ओढ, ओढ!” दादा ओढायचा नाही. दांडा उभा होऊन किंचित खाली जाईपर्यंत थांबायचा. मग मनगट एकदा हलवायचं, आणि मासा आलेला असायचा.

“सर, पाणी बघ. काठी नको बघू,” तो मला म्हणायचा. तो सगळ्यांनाच ‘तू’ म्हणे. त्याच्या घरच्या बोलीत दुसरं काही नव्हतंच. मी त्याला ‘तुम्ही’ म्हणायचो, आणि त्याचं मला थोडं कौतुकही होतं, स्वतःचंच.

मला गळाची गाठ बांधता यायची नाही. दरवेळी तंगूस सुटायचा. मग दर रविवारी दादा माझी काठी मांडीवर घ्यायचा, तंगूस थुंकीनं ओला करायचा, पाच वेढे देऊन दातानं ओढायचा. आप्पा म्हणायचा, “सर, उद्या ही गाठ फळ्यावर काढी दखाडा पोरेसले.” सगळे हसायचे, मीही हसायचो.

हंगामाचं बोलणं निघालं की दादा बोलायचा, एरवी नाही. थंडीत मासा लागत नाही यावर सगळ्यांचं एकमत. “त्याले बी गोधडी लागस,” आप्पा म्हणे. पण होळीनंतर नदी-नाले आटायला लागले की काय करायचं, हे फक्त दादाला ठाऊक. “पाणी गरम होतं तेव्हा मासा डोळ्यानं येत नाही, वासानं येतो,” तो सांगायचा. तेव्हा मोह पडायला लागलेला असतो. दादा घरून मोहाची फुलं आणायचा, गुळाच्या पाण्यात दोन दिवस भिजवायचा, शेंगदाण्याच्या ढेपेत, म्हणजे पेंडीत, मळायचा. तो वास आंबूस-गोड, अंगाला चिकटून राहणारा. शेठ नाकाला रुमाल लावायचा आणि पुढच्या रविवारी त्याच चाऱ्याचा गोळा मागायचा.

आमच्यात एक रीत होती. ज्यानं डोहात आठ दिवस चारा टाकला, त्याची बैठक. तो काठावर काठी रोवून तिला चिंधी बांधायचा. त्यानं बोलावल्याशिवाय तिथे कुणी गळ टाकायचा नाही. बोलावलं की सगळे जायचे, पण पहिला गळ त्याचा. कुणी लिहून दिलेलं नव्हतं, पण पाळलं जायचं.

त्या वर्षी दादानं गोमाईत एक डोह शोधला. प्रकाशापासून वरच्या अंगाला, नदीची धार तुटून वाळूत जे तुकडे राहतात त्यातला एक. शाळेच्या दोन वर्गांएवढा असेल, पाणी कुठे गुडघाभर, कुठे कमरेएवढं. काठावर सादड्याचं एक झाड. दादानं आठ दिवस कामावरून येताजाता मूठ-मूठ चारा टाकला आणि लाल चिंधी बांधली. रविवारी सगळ्यांनी यायचं ठरलं.

आदल्या रविवारी घाटावर आप्पा म्हणाला, “औंदा बी मोठा मासा दादानाच. सर फक्त डबा लयतस.”

काहीच नव्हतं त्यात. डबा खरंच मी आणायचो. बायकोच्या हातच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा सगळ्यांना आवडायचा. पण ते वाक्य मला लागलं. पाच वर्षांत माझ्या गळाला लागलेला सगळ्यात मोठा मासा दीड किलोचा रोहू, आणि तोही बाहेर काढला दादानंच. मी गणित शिकवतो, मला वाटलं यात न येण्यासारखं काय आहे? वास लागतो ना? मग वास जास्त केला की झालं.

फुलं माझ्याकडे नव्हती. पण भावाच्या खळ्यात केळीसाठी आणून ठेवलेली मोहाच्या बियांची ढेप होती, तेल काढल्यावर उरते ती. काळपट, कडवट वासाची. वाळवी लागू नये म्हणून बुडाशी टाकतात. फुलं आणि ढेप एकाच झाडाची, असा मी हिशेब केला. जे वाळवीला मारायला ठेवलंय ते माशाला गोड कसं लागेल, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. आज कोणत्याही मुलानं विचारला तर मला उत्तर देता येणार नाही.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी मी अर्धं पोतं ढेप स्कूटरवर पायाशी घेतली आणि गोमाईला गेलो. ऊन असं की पात्रात चिटपाखरू नव्हतं. दादाची चिंधी बांधलेली काठी समोर होती. मी पलीकडच्या काठाला गेलो, उद्या मी बसणार होतो तिथे. आधी दोन-तीन मुठी टाकल्या. मग ‘मूठभर, भुकेला ठेव त्याला’ हे दादाचं नेहमीचं सांगणं आठवलं, आणि त्याचाच राग आला. बादलीत ढेप कालवून सगळं पोतं रिकामं केलं. पोतं पाण्यात झटकलं. पाण्यावर साबणासारखा फेस आला. मला वाटलं, चारा चांगला विरघळला.

रविवारी सकाळी मी सगळ्यांच्या शेवटी पोचलो. मुद्दाम. काठावर आठ-दहा माणसं उभी होती, आणि शेठ डोक्याला हात लावून.

मासे वर आले होते. काही पांढऱ्या पोटानं उलटे, काही अजून तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते. मरळसुद्धा, जी चिखलातही जगते, कडेला येऊन पडली होती. एक म्हातारी म्हैस घेऊन उभी होती आणि तिला पाण्याकडे जाऊ देत नव्हती. “आमनी म्हैस आठेच पानी पेस,” ती ओरडत होती. “कोन हाऊ मुडदा? कोन्ही टाकं?”

दादा पाण्यात उतरला. ओंजळ भरून नाकाशी नेली. बोटांत फेस चोळला. मग वर पाहून म्हणाला, “मोहाची ढेप. खूप टाकली.”

मला वाटलं, आता माझं नाव निघणार. पण झालं भलतंच. शेजारच्या शेतातला एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, “तुले कसं कळनं? वास लिसनच कळनं?” मग आमच्याकडे वळून, “हाऊ तुमना संगे शे का?”

आप्पा बोलला, आणि तो वाईट मनानं बोलला नाही हे मी शपथेवर सांगेन. तो घाबरला होता. “दादा, तुमना डोंगरमा करतस ना असं? झाडनं काही टाकीसन मासा धरतस ना?”

“करतात,” दादा म्हणाला. “वाहत्या पाण्यात. सगळं गाव मिळून, वर्षातून एकदा. ढोरं पितात त्या पाण्यात नाही.”

पण ‘करतात’ एवढंच सगळ्यांनी ऐकलं. त्यात डोह त्यानंच शोधलेला, आठ दिवस तोच येत-जात होता, चिंधी त्याचीच. माणसांना धागे जोडायला आणखी काय लागतं?

मग आप्पा माझ्याकडे वळला. “सर, तुम्ही शिकेल शेतस. तुम्ही सांगा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेठ, ती म्हातारी, शेतवाला. दादासुद्धा. मी म्हणालो, “पाण्यात काहीतरी टाकलेलं दिसतं, एवढं खरं. कुणी, ते आपण कसं सांगणार?”

एवढंच. शब्दाशब्दानं पाहिलं तर यात खोटं काही नाही. पण मी दादाच्या बाजूनं काही बोललो नाही याचा अर्थ सगळ्यांनी बरोबर तोच काढला जो मला हवा होता. सरांनाही शंका आहे, मग झालं.

दादा काठावर आला, आप्पाच्या हातातली बादली घेतली आणि शेजारच्या दुसऱ्या, लहानशा डबक्यातून पाणी भरून आणलं. जे मासे अजून तोंड हलवत होते ते एकेक करून त्या ताज्या पाण्यात टाकले आणि बादली घेऊन डबक्याकडे गेला. पुन्हा आला. “सर, पाणी भर,” म्हणाला. मी पाणी भरत राहिलो. दोन तास आम्ही दोघे तेच करत होतो. मेलेले त्यानं वेगळे काढले, वाळूत खड्डा करून पुरले, कुत्री खाऊ नयेत म्हणून. काठावरून कुणीतरी म्हणालं, “पाप धुवी ऱ्हायना.” माझ्या हातात बादली होती. माझ्याकडे बघून कुणी असं म्हणालं नाही. उलट ती म्हातारी म्हणाली, “सर भला मानूस शे.”

जाताना दादा माझ्या स्कूटरजवळून गेला. पायाशी, रबराच्या चटईवर, ढेपेचा काळा चुरा सांडलेला होता. मी पोतं झटकलं होतं, चटई नाही. दादा थांबला. वाकला नाही, काही उचललं नाही. अंगठ्यानं तो चुरा जरासा सारला. मग बांबूची काठी खांद्यावर टाकून वाळूतून चालत गेला. शेतवाला मागून ओरडत होता की पुन्हा या काठाला दिसू नको.

पुढच्या रविवारी दादा घाटावर आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. “त्यालाच लाज वाटली असेल,” शेठ म्हणाला. त्या आवाजात प्रश्न होता. शेठला पूर्ण पटलेलं नव्हतं, हे मला आजही वाटतं. मी नुसतं ‘नसेल’ म्हटलं असतं तरी त्यानं दादाला फोन लावला असता. मी गळाकडे बघत बसलो. गाठ त्या दिवशी मीच बांधली होती, आणि पहिल्याच ओढीला सुटली.

गप्पा पुन्हा सुरू झाल्या, नवे गळ आले. आप्पा आता मोबाइलवर परदेशातल्या लोकांचे मासेमारीचे व्हिडिओ बघतो आणि आम्हाला दाखवतो. नवीन कुणी येऊन बसला की जुन्या गोष्टी निघतात, आणि त्यात हमखास ही निघते. ‘त्या साली डोह मारा व्हता’ अशी सुरुवात. दरवर्षी डोह थोडा मोठा होतो, मासे वाढतात, म्हैस मरायला टेकते. आता आप्पाच्या गोष्टीत दादा पहाटे पोतं घेऊन जाताना कुणीतरी पाहिलेलाही असतो. आप्पाला ते खरंच वाटतं. सांगून सांगून वाटायला लागलंय. मी शेजारी बसून चहा ओततो.

मागच्या फेब्रुवारीत परीक्षेच्या कामासाठी खांडबाऱ्याला गेलो होतो. आठवडे बाजाराचा दिवस होता. गाडीला वेळ होता म्हणून बाजारात शिरलो, तर एका टपरीसमोर दादा उभा. केस पांढरे झालेले, एका हातात तंगूसाचं नवं रीळ, दुसऱ्या हातात दोन गळ. तो दुकानदाराशी भांडत होता की आठ नंबरचा गळ आता पहिल्यासारखा येत नाही, वाकतो.

मला पाहून तो हसला. खरं सांगतो, हसला. “सर! मासा लागतो का?”

आम्ही तिथेच कडेला उभे राहिलो. पंधरा-वीस मिनिटं फक्त मासे. तो आता बागेच्या कामाला नाही, बहिणीच्या गावी असतो, तिकडे एक लहान धरण आहे. चिलापी फार झाली म्हणाला, बाकीच्या माशांना ती जगू देत नाही. शेठ अजून सोडून देतो का, आप्पाची बाटली अजून आहे का, विचारलं. मी सांगत होतो आणि तो मान हलवून ऐकत होता, एखाद्याच्या घरची खुशाली ऐकावी तसं. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

“दादा, त्या दिवशीचं...” मी म्हणालो.

“मला नको सांगू,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “मला त्याच दिवशी कळलं. तुझ्या गाडीवर होतं.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही फार साधी गोष्ट विसरलोय. “माझं कोण ऐकणार होतं? तुला विचारलं ना त्यांनी.”

मी काहीतरी बोलायला लागलो, मला ठाऊक नव्हतं ढेपेनं मासा मरतो, मुद्दाम नाही केलं, वगैरे. त्यानं गळ खिशात ठेवले.

“ते मला माहीत आहे. माहीत असतं तर तू टाकली नसती. चूक झाली. पण नंतरचं चुकून झालेलं नव्हतं.” तो पुढे म्हणाला, “आप्पाला सांग. शेठला सांग. ती म्हैसवाली आहे का अजून? तिला सांग. मग मी येईन, गळ घेऊन. तिथं बसायला मला आवडायचं.”

मग, जणू दुसरं काहीच बोललो नव्हतो अशा आवाजात, त्यानं विचारलं, “गाठ येते का आता?” मी नाही म्हणालो. त्यानं नवीन रिळातला वीतभर तंगूस सोडला, माझ्या हातात गळ दिला आणि स्वतः न बांधता मला बांधायला लावली. तीन वेळा सुटली, चौथ्यांदा टिकली.

तेव्हापासून किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. प्रत्येक रविवारी मी घाटावर जातो ते सांगायचं ठरवून. एकदा आप्पा एका नव्या माणसाला तीच गोष्ट सांगत होता. “पोतंभर ढेप टाकेल व्हती, पोतंभर!”

माझ्या तोंडून निघून गेलं, “अर्धं पोतं.”

आप्पा थांबला. शेठनं मान वळवली. तेवढ्या वेळात सगळं सांगून झालं असतं. पण आप्पा मांडीवर थाप मारून हसला, “देखा! सरले मन्हापेक्षा जास्त माहित!” आणि गोष्ट पुढे गेली. शेठ मात्र हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी डब्याचं झाकण उघडलं.

म्हैसवाली म्हातारी मागच्या वर्षी गेली, असं नंतर कळलं. तिला सांगायचं राहूनच गेलं. ती मला भला माणूस समजूनच गेली.

हे सगळं लिहून काढलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. आप्पा असलं काही वाचत नाही. शेठ वाचेल, पण एकांतात वाचलेलं तो माझ्या बाजूनं समजून घेईल, आणि दादा तिथेच राहील जिथे आहे. गोष्ट घाटावर बिघडली, घाटावरच नीट व्हायला हवी.

आप्पा आणि शेठ दोघेही बसलेले असताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, डोह मी मारला, दादानं नाही, एवढं बोलण्याचं मी दादाला देणं लागतो. ते मी अजून बोललेलो नाही.